मालकी घ्या, पण जपून!



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि घरोघरी जुना डेस्कटॉप बदलायचा विषय निघाला. दांडिया बाजार असो की मांजलपूर, पुढची गोष्ट साधारण सारखीच. जुनी हार्ड डिस्क केसिंगमध्ये घालून नव्या संगणकाला जोडायची, हवं ते ठेवायचं, बाकी पुसायचं. पण काही फोल्डर उघडतही नाहीत आणि पुसलेही जात नाहीत. डिस्क आपली, संगणक आपला, मग परवानगी कोणाची मागायची?

विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि कोणी काय करायचं याची एक यादी असते. जुन्या वाड्यासारखंच समजा. खोलीची किल्ली भाडेकरूकडे असते, पण किल्ली कोणाला द्यायची हे मालक ठरवतो. मालकाचं नाव मात्र नाव म्हणून नोंदलेलं नसतं, तो एक लांबलचक क्रमांक असतो. नव्या संगणकावर तुम्ही तेच नाव ठेवलंत तरी क्रमांक वेगळा मिळतो. म्हणून तुमच्याच फोल्डरला तुम्ही परके!

उपाय असा. आधी ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून आत या.

१. फोल्डर उघडताना 'कंटिन्यू' विचारलं तर ते दाबा. अनेकदा एवढ्यावरच भागतं.

२. नाही भागलं तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. तिथे 'ओनर'समोर 'चेंज' दाबून आपलं नाव लिहा. खालच्या 'सबकंटेनर्स'च्या चौकटीत खूण केली की आतल्या फाइलींनाही तोच मालक लागतो.

३. खिडकी बंद करून पुन्हा उघडा आणि सिक्युरिटीत 'एडिट' करून स्वतःला 'फुल कंट्रोल' द्या. ही पायरी विसरू नका. मालक झालात म्हणजे किल्ली खिशात आली असं नाही, ती करून घ्यावी लागते.

'फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे' असा निरोप आला तर मालकीचा उपयोग नाही. तो प्रोग्रॅम बंद करा किंवा संगणक रीस्टार्ट करा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर रिकव्हरी कीच लागेल.

आता कुठे हात लावायचा नाही तेही ऐका. चालू संगणकाच्या सी ड्राइव्हमधल्या बऱ्याच सिस्टिम फाइलींचा मालक 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' असतो. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे आणि ती आपल्याच भल्याची आहे. 'विनएसएक्सएस' फोल्डर कितीही फुगलेला दिसला तरी हाताने पुसू नका, विंडोज बंद पडू शकतं. 'विंडोज डॉट ओल्ड'साठीही मालकीची खटपट नको. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स या वाटेने तो सहज जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या डिस्कवर अडून बसणारे फोल्डर बहुतेक वेळा 'यूजर्स'मधले असतात. विंडोज प्रत्येकाचं खासगी सामान तिथेच बंद करून ठेवतं. म्हणजे आईबाबांचे फोटो, आजोबांची पत्रं, मुंजीचे व्हिडिओ सगळं त्यातच असणार. परवानगी नसताना अशा फोल्डरचा आकार शून्य दिसू शकतो. 'रिकामाच तर आहे, उडवून टाकू' असं म्हणून मालकी घेतली आणि लगेच डिलीट केलं, तर काय गेलं हेही कळणार नाही.

म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी मालकी, मग आत बघणं, मग दोन ठिकाणी कॉपी, आणि डिलीट सगळ्यात शेवटी. तेही घरातल्या मोठ्यांना एकदा शेजारी बसवून. पुण्याहून किंवा अमेरिकेहून फोनवर सूचना देत असाल, तर "बाबा, अजून काही पुसू नका" हे पहिलं वाक्य असू द्या.

भेटू पुढच्या अंकात!