माळ उतरते, कावीळ उतरतेच असे नाही

पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याजवळचे इस्लापूर. तिथे मी बँकेच्या नोकरीत असताना आमच्या एका वयस्क खातेदाराचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. ताप नव्हता, पोट दुखत नव्हते. अंगाला मात्र खाज सुटली होती.

"मामा, नांदेडला दाखवून या," मी म्हणालो.

"साहेब, माळ घातलीय. उतरंल."

दोन महिन्यांनी ते नांदेडला गेले, तेव्हा पित्तनलिकेतला कर्करोग यकृतात पसरला होता. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती.

आपण काविळीला रोग समजतो. ते लक्षण आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तेवढ्यात माळेच्या काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ लांबत खाली येते आणि श्रेय तिला मिळते. पण यकृतात तयार झालेले पित्त आतड्यात नेणारी नळीच खड्याने किंवा गाठीने तुंबली, तर पित्त रक्तात मिसळते. लघवी गडद होते, शौच मातकट-पांढरे होते, खाज सुटते, वजन घटते. अशी कावीळ वाट पाहून जात नाही. या खुणा दिसताच रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी.

हा कर्करोग तसा विरळा. ईशान्य थायलंडमध्ये मात्र कच्च्या माशांतून पोटात जाणाऱ्या यकृतकृमीमुळे तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. नलिकेचा जुनाट दाह, यकृतातले खडे, हिपॅटायटिस बी आणि सी यांमुळेही धोका वाढतो. अनेकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही.

बरे होण्याची खरी आशा शस्त्रक्रियेत. गाठ वरच्या टोकाला असेल तर यकृताचा भाग काढतात. खालच्या टोकाला असेल तर स्वादुपिंडाचे डोके आणि आतड्याचा सुरुवातीचा भागही काढावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर बहुधा सहा महिने गोळ्या देतात. ते शक्य नसेल तर दुर्बिणीतून नलिकेत स्टेंट बसवून पित्ताला वाट करून देतात. त्याने कर्करोग जात नाही. पण खाज थांबते, अन्न गोड लागते. जोडीला केमोथेरपी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात एका औषधाऐवजी दोन दिल्यावर रुग्णांचे मध्यम आयुर्मान ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांवर गेले. २०२२ पासून तिसरे, प्रतिकारशक्तीला बळ देणारे औषध जोडले जाऊ लागले. ते महागडे आहे.

आणि पैसा? २ जुलै २०१२ रोजी राज्याची जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, ती पहिल्या आठ जिल्ह्यांत. त्यांत नांदेड होते. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०२३ साली शासनाने तिचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय घेतला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. शिधापत्रिका घेऊन आधी त्याला भेटावे.

आयुष्यभर कर्जाच्या मुदती पाहिलेला मी माणूस. थकलेल्या कर्जाला आम्ही मुदत वाढवून देत असू. योजना शस्त्रक्रियेचा खर्च देईल. माळेपायी गेलेले दोन महिने कोणतीही योजना परत देत नाही. माळ घालायचीच असेल तर घाला. पण सोनोग्राफी त्याच आठवड्यात करा. मामांना हे मी अधिक जोर देऊन सांगायला हवे होते.