कोणत्या रकान्यात बसवायचं हे?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. वाचून झाल्यावर शिव्या द्यायच्या असतील तर इनबॉक्समध्ये नको, खाली सगळ्यांसमोर द्या.

दसरा झाला. टोळ्या निघायला लागल्या. आमच्या तालुक्याच्या नाक्यावर रात्री ट्रक उभे असतात. वर पत्र्याच्या पेट्या, ज्वारी-बाजरीची पोती, एखादी शेळी आणि झोपेला आलेली लेकरं. डिप्लोमा करून पत्रकारितेत आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. दर वर्षी या दिवसांत मी एकच बातमी लिहितो, ‘बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांचं स्थलांतर सुरू’. फोटो नवा टाकतो, मजकूर जवळजवळ जुनाच असतो.

यंदा वेगळी बातमी लिहायला मिळणार होती. ती घडलीच नाही. का घडली नाही, ते सांगतो.

आमच्या गावात पाच पोरांचा एक बँड आहे. रॉक बँड. हसू नका. दोन गिटार, एक बेस, हप्त्यावर घेतलेला ड्रम सेट, आणि पाचवा पोरगा संबळ वाजवतो. त्याचं घर गोंधळ्यांचं, संबळ त्याला शिकवावा लागला नाही. जो गातो त्याचे आईवडील दर साली कोयत्याला जातात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे जोडीवर. एकट्या माणसाला कोण विचारतं?

या पोरांनी दोन वर्षं खपून अकरा गाणी बांधली. सुटी सुटी नाहीत, अकराही मिळून एकच गोष्ट. दसऱ्याला उचल घेऊन निघालेली एक जोडी, फडाच्या कडेची कोपी, पहाटे तीनला भरायची गाडी, शाळा सुटलेली पोरगी, फिटता न फिटणारी उचल, आणि होळीनंतर गावाकडं परत. एक गाणं गर्भपिशवी काढलेल्या बाईचं आहे. तो विषय किती खरा आहे हे बीडकरांना मी सांगायला नको. २०१९ साली सरकारला त्यावर समिती नेमावी लागली होती.

एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये मी त्यांची तालीम बघितली. नुसतं उभं राहून गाणं म्हणत नाहीत. गाणारा बाप होतो, बेस वाजवणारा मुकादम होतो, एका पोराची बहीण आई होते. आणि गाणं चालू असताना दोघं जण स्टेजवर एकावर एक मोळ्या रचत जातात. ऊस कुठून आणणार, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून कडब्याच्या पेंढ्या आणलेल्या, त्याही परत करायच्या बोलीवर. नवव्या गाण्यापर्यंत थर एवढा चढतो की मागचा बँड दिसेनासा होतो. नुसता आवाज येतो. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

विचारलं, हे सुचलं कुठून? म्हणाले, ‘सर, पिंक फ्लॉइडचं बघितलं मोबाईलवर.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडचा ‘द वॉल’ हा अल्बम १९७९ च्या नोव्हेंबरात आला. सगळी गाणी मिळून एका माणसाची कहाणी. याला कॉन्सेप्ट अल्बम म्हणतात. १९८० आणि ८१ साली त्यांनी तो स्टेजवर केला, तेव्हा पहिल्या अर्ध्या भागात बँड आणि प्रेक्षक यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या विटांची खरीखुरी भिंत चढत जायची आणि शेवटी ती कोसळायची. खर्च एवढा की जगात फक्त चारच शहरांत त्याचे प्रयोग झाले. आमच्या पोरांनी तीच गोष्ट फुकटच्या कडब्यावर केली. विटांच्या जागी मोळ्या आल्या आणि ती भिंत एकदम आमच्या जिल्ह्याची झाली.

पोरांची इच्छा साधी होती. टोळ्या निघायच्या आधीच्या आठवड्यात एक प्रयोग लावायचा. ज्यांची गोष्ट आहे त्यांनी आधी बघावी. गाणाऱ्याच्या आईनं बघावी.

त्यासाठी मी त्यांच्याबरोबर एका सभागृहाच्या कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. आपल्या जिल्ह्यात कुठंही गेला असता तरी हेच ऐकलं असतं. टेबलावरच्या साहेबांनी फॉर्म पुढं केला आणि विचारलं,

‘नाटक आहे का ऑर्केस्ट्रा?’

पोरगं म्हणालं, ‘दोन्ही, सर.’

‘दोन्ही नसतं. नाटक असेल तर संहिता आणि परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणा. ऑर्केस्ट्रा असेल तर भाडं वेगळं आणि पोलिसांचं पत्र आणा. गाण्यात गोष्ट असली तर ते कोणत्या रकान्यात बसवायचं मी?’

माणूस वाईट नव्हता. त्यानं आम्हाला चहा पाजला. पण रकाना नव्हता, म्हणून तारीख नव्हती.

मग आम्ही एका यात्रा कमिटीकडं गेलो. तिथं चहाही नाही मिळाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘हे इंग्रजी थेर देवापुढं नको. आपली संस्कृती हाय का ही?’

माझं भांडण इथून सुरू होतं. साहेबांशी नाही, या वाक्याशी.

आपली संस्कृती म्हणजे काय हो काका? गोंधळात काय असतं? संबळ असतो, तुणतुणं असतं, एक नाईक असतो, आणि रात्रभर गाऊन, बोलून, सोंग आणून एक अख्खं आख्यान उभं केलं जातं. विठ्ठल उमपांचं ‘जांभूळ आख्यान’ ज्यांनी बघितलं त्यांना विचारा, ते गाणं होतं का नाटक होतं. नारदीय कीर्तनात उत्तररंग असतो, त्यात बुवा पेटी-तबल्यावर गात गात गोष्ट सांगतो, मध्येच द्रौपदी होतो, मध्येच दुःशासन. तमाशात गण-गवळण झाली की वग लागतो. ढोलकी त्याच स्टेजवर, नट तेच, गाणी त्याच गोष्टीतली. वाजवणाऱ्यांनी गाण्यातून गोष्ट करून दाखवायची, ही चाल आपल्याकडं शेकडो वर्षांची आहे. गोऱ्यांनी ती १९६९ मध्ये ‘टॉमी’ नावाचा अल्बम काढून केली. ‘द हू’ या बँडचा तो अल्बम. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसनं, म्हणजे त्यांच्याकडच्या सगळ्यात सोवळ्या स्टेजनं, त्या बँडला तो वाजवायला बोलावलं. त्यांच्या सोवळ्याला जे चाललं ते आमच्या यात्रा कमिटीला चालत नाही.

राहिला प्रश्न वाद्यांचा. गिटार परकी, मान्य. आणि तुमची पेटी? ती पंढरपुराहून आली का? हार्मोनियम युरोपातून आली. परकी म्हणूनच आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षं तिला दारात उभं केलं नव्हतं. आज पेटीशिवाय भजनी मंडळ दाखवा. संगीत नाटकाचं आपल्याला केवढं कौतुक. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ लागलं, तिथून मोजतो आपण. त्याच संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांच्या साथीला पुढं ऑर्गन आला, तो काय विदर्भातल्या सुताराने केला होता? चांगलं वाटलं ते उचललं, आपलं करून टाकलं. जिवंत लोक असंच करतात.

आणि रॉक तरी मराठी स्टेजवर आज येतंय का? १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ आला. मूळ नाटक ब्रेख्तचं, मराठी केलं पु. लं.नी, बसवलं जब्बार पटेलांनी. त्यात अंकुश झाला होता नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा मुलगा आणि मुंबईचा रॉक गायक. लावणी, नाट्यसंगीत आणि रॉक एकाच नाटकात. हाच नंदू भेंडे त्याआधी अलेक पदमसींच्या मुंबईतल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्युडास झाला होता. त्या ‘सुपरस्टार’ची जन्मकथाही आमच्या पोरांना मी मुद्दाम सांगितली. स्टेजवर करायला कुणी पैसे लावेना, म्हणून १९७० मध्ये आधी नुसती गाणी रेकॉर्ड करून अल्बम काढला. अल्बम चालला, मग स्टेज मिळालं. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेला. त्यानं जे करून दाखवलं त्यावर आम्ही अजून विचारतोय, नाटक का ऑर्केस्ट्रा.

‘ते मुंबई-पुण्याचं,’ असं म्हणाल. बरं, मग आपल्या शेजारचं घ्या. २०१२ ला ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगतांचं, लेखन जालना जिल्ह्यातल्या राजकुमार तांगडेंचं, दिग्दर्शन नंदू माधवांचं. काम करणारी बरीच माणसं जालन्याकडची, शेतीमातीतली. शाहिरी गाण्यांच्या जोरावर या नाटकानं मुंबई-पुण्याची थिएटरं हलवली. म्हणजे माणसं इथंच तयार होतात. आपण त्यांना ओळखतो ते मुंबईनं टाळ्या वाजवल्यानंतर.

आता मोठ्या आवाजाबद्दल. कमिटीचा दुसरा आक्षेप तो होता. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे आणि तो बरोबरच आहे. पण पुढाऱ्याच्या वाढदिवसाला डीजेच्या भिंती लागतात, घरांच्या काचा हादरतात, म्हातारी माणसं छाती धरून बसतात, तेव्हा हा नियम कुठल्या गावाला जातो? त्याच डीजेपुढं नाचायला याच गावाला वर्गणी मिळते, आणि पाच पोरांनी स्वतःच्या आईबापाची गोष्ट दोन तास गायची म्हणली की संस्कृती आठवते. डीजे प्रश्न विचारत नाही, काका. ही पोरं विचारतात. तुमच्या कानाला त्रास गिटारीचा नाही, सातव्या गाण्याचा आहे. त्यात मुकादमाचा हिशेब आहे. कमिटीत कोण कोण मुकादम आहेत ते मी इथं लिहीत नाही. गावाला माहीत आहे.

एवढं बोललो, तर स्वतःचंही सांगतो. मी त्या तालमीवर सहाशे शब्दांची बातमी लिहून पाठवली होती. छापून आली चार ओळींची, मथळा ‘तरुणांचा ऑर्केस्ट्रा लवकरच’. उरलेल्या जागेत एका नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, फोटोसह. ती जाहिरात कोणी आणली होती? मीच. कमिशन मलाच मिळालं. तेव्हा दोष फक्त कमिटीच्या आणि कार्यालयाच्या माथी मारून मोकळा होण्याचा मला हक्क नाही. रकाना माझ्याकडंही नव्हता.

पोरांचं सगळंच बरोबर आहे असंही नाही. तालमीत ड्रमच्या आवाजात अर्धे शब्द ऐकू येत नव्हते. गोष्ट सांगायची तर शब्द शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे, ही शिस्त कीर्तनकाराकडून शिका, असं मी त्यांना तोंडावर म्हणलो. दोन गाणी उगाच लांबवलेली आहेत. पण हे सुधारणार कुठं? लोकांपुढं प्रयोग केल्यावरच ना? जिनिंगच्या गोडाऊनमध्ये पत्र्याला गाणं ऐकवून कोण सुधारलंय?

गेल्या सोमवारी गाणाऱ्याचे आईवडील निघाले. मी नाक्यावर होतो, नेहमीच्या फोटोसाठी. आई ट्रकमध्ये चढायच्या आधी पोराला म्हणाली, ‘मोबाईलवर पाठव रे काय गाणं करतूस ते. कोपीवर रेंज आली तर ऐकीन.’

तो फोटो मी काढला नाही.

आता मागणं. निवेदन देऊन टेबलाखाली जाण्यापेक्षा इथंच मांडतो.

सभागृहं चालवणाऱ्यांनी फॉर्मवर एक रकाना वाढवावा. ‘संगीत प्रयोग’ म्हणा, ‘गाण्यातलं नाटक’ म्हणा, काहीही म्हणा. संहिता तपासायची तर गाणीच संहिता आहेत, ती देऊ.

यात्रा आणि गणेश मंडळांनी डीजेच्या एका रात्रीचे पैसे गावातल्या पोरांसाठी ठेवावेत. रॉकच पाहिजे असं नाही. भारुड करा, वग करा, पण आपल्या पोरांचं करा.

जिल्ह्यातल्या पत्रकार मित्रांनो, आपण फक्त ट्रकचा फोटो छापतो. त्या ट्रकमधल्या माणसांच्या घरात काय रचलं जातंय, तेही छापू या.

आणि कारखान्यांच्या लोकांपैकी कुणी हे वाचत असेल तर सरळ विचारतो. हंगाम चालू असताना एका संध्याकाळी फडाच्या कडेला, कोप्यांपुढं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर हा प्रयोग होऊ द्याल का? दोन तास. भाडं नको, मानधन नको. मोळ्या तर तिथं आहेतच, कडबा आणायचीही गरज नाही. पोरं स्वतःच्या खर्चानं यायला तयार आहेत, मी गाडी बघतो.

ज्याला पटलं त्यानं शेअर करा. ज्याला नाही पटलं त्यानं खाली भांडा, मी रात्री ऑफिस सुटल्यावर उत्तर देईन. पण ‘हे आपलं नाही’ एवढंच लिहून जाऊ नका. आधी ती अकरा गाणी ऐका, मग बोलू.