पाटीवरचे नाव आणि गल्लीतला पहारा

जानेवारी १९९३ मध्ये मुंबईतील कित्येक इमारतींच्या तळमजल्यावरून एक वस्तू नाहीशी झाली होती. जिन्याजवळ टांगलेला, रहिवाशांची नावे लिहिलेला फलक. कुठे तो उतरवून कोणाच्या तरी माळ्यावर टाकण्यात आला, कुठे त्यावरच्या मोजक्या नावांवर रंग फासण्यात आला. त्याच दिवसांत, त्याच शहरात, गल्लीगल्लीत तरुण पोरे हॉकी स्टिक आणि सळया घेऊन रात्रभर जागत होती. गच्च्यांवर विटांचे तुकडे रचले गेले होते. समुद्रमार्गे शस्त्रे उतरणार या अफवेवर विश्वास ठेवून सुशिक्षित माणसांनीही किनाऱ्यावर पहारे दिले. बोट काही आली नाही.

फलक उतरवणारा आणि सळई हाती घेणारा, दोघेही स्वतःचे संरक्षणच करीत होते. कित्येकदा तर दोन्ही कामे करणारा माणूस एकच होता. दुभंगलेल्या समाजात सामान्य माणूस सुरक्षिततेचा कोणता मार्ग निवडतो, आणि त्या निवडीने त्याच्या शेजारच्याचे काय होते, हा प्रश्न मुंबई विसरू पाहत असली तरी तो संपलेला नाही. मे २०२३ पासून मणिपूरमध्ये तो रोज विचारला गेला आहे.

दंगलीनंतर सर्वांत आधी सुचणारा आणि सर्वांत शहाणपणाचा वाटणारा उपाय म्हणजे आपल्या माणसांत जाऊन राहणे. न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन फेऱ्यांत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान होते आणि २७५ हिंदू. आयोगाने ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. ज्याच्या दारात जमाव आला आणि पोलीस आले नाहीत, त्याने घर विकून मुंब्र्याची किंवा मीरा रोडची वाट धरली, तर त्याला दोष कोण देणार? मुसलमान वस्तीला लागून राहणाऱ्या हिंदू कुटुंबांनीही तेच केले. जोगेश्वरीत राधाबाई चाळीजवळच्या घरात माणसे जाळली गेल्यानंतर त्या भागातून कोण कशासाठी उठून गेले, हे निराळे सांगायला नको.

एकेका कुटुंबाच्या दृष्टीने हा निर्णय बिनचूक असतो. गोम अशी की, हजारो बिनचूक निर्णयांची बेरीज शहराला अधिक असुरक्षित करून ठेवते. मिश्र चाळीत अफवा आली तर ती खोटी आहे हे सांगणारा माणूस वरच्या मजल्यावर असतो. एकजिनसी वस्तीत तसा माणूसच उरत नाही. पलीकडच्या वस्तीतल्या कोणाचा फोन नंबर जवळ नसतो, तिथे कोणी ओळखीचा शिंपी नसतो, डॉक्टर नसतो. जमाव घडायला अशी वस्ती सोपी आणि जमावाने हेरायलाही सोपी. पूर्वी पाटीवरचे नाव शोधावे लागे. आता पिन कोड पुरतो.

कायद्याने हे थोपवण्याचा एक प्रयत्न गुजरातमध्ये झाला आणि त्याचे फलित उलटे निघाले. दंगलीच्या भीतीने लोकांनी कवडीमोलाने घरे विकू नयेत म्हणून तिथे १९८६ मध्ये ‘अशांत धारा’ आला, १९९१ मध्ये तो नव्या रूपात कायम झाला. घोषित क्षेत्रातील मालमत्ता विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हेतू चांगला होता. पण असे क्षेत्र एकदा जाहीर झाले की ते सहसा ‘शांत’ होत नाही, आणि दोन धर्मांतील साधा खरेदी-विक्रीचा व्यवहार हीच संशयास्पद गोष्ट ठरते. अहमदाबादेत जुहापुरा आणि शेजारची हिंदू वस्ती यांच्यामधल्या रस्त्याला लोक सहज ‘बॉर्डर’ म्हणतात, ते उगाच नव्हे. आपण मुंबईकरांनी मात्र गुजरातकडे बोट दाखवताना जरा जपून असावे. विशिष्ट समाजापुरते सभासदत्व ठेवणारा गृहनिर्माण संस्थेचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला. तो खटला अहमदाबादेतील पारशी सोसायटीचा असला तरी, लेखी उपविधीशिवायच हेच साधणाऱ्या सोसायट्या आपल्याकडे थोड्या नाहीत. तिथे ‘मांसाहार चालत नाही’ एवढे वाक्य पुरते.

मणिपूरमध्ये लोकांनी याच्या पुढचा मार्ग निवडला. ३ मे २०२३ रोजी हिंसाचार सुरू झाल्यावर काही दिवसांत खोऱ्यातले कुकी डोंगराकडे आणि डोंगराकडचे मैतेई खोऱ्याकडे आले. अडीचशेहून अधिक माणसे मेली, सुमारे साठ हजार विस्थापित झाली. पोलिसांच्या शस्त्रागारांतून सुमारे सहा हजार बंदुका लुटल्या गेल्या. गावोगावी ‘ग्रामस्वयंसेवक’ उभे राहिले, वाळूच्या गोण्यांचे बंकर उभे राहिले, आणि कोणत्या रात्री कोणत्या घरातला कोण पहारा देणार याची पाळी लागली. दोन्ही समाजांच्या मध्ये केंद्रीय दलांच्या ताब्यातला निर्मनुष्य पट्टा आला. एकाच राज्यातला नागरिक दुसऱ्या जिल्ह्यात पाऊल टाकू शकत नाही, अशी अवस्था झाली.

इथेही पहिल्या दिवसाची निवड समजण्यासारखी आहे. सरकारवर विश्वास नाही, शेजारी शस्त्र घेऊन उभा आहे, मग आपण काय करायचे? मात्र बंदूक घरात आली की ती फक्त सीमेकडेच तोंड करून राहत नाही. इंफाळ खोऱ्यातील दुकानदार, कंत्राटदार, शाळा यांच्याकडून खंडणी मागणाऱ्यांच्या अटकेच्या बातम्या पुढे नित्याच्या झाल्या. खंडणी मागणारे आणि देणारे एकाच समाजाचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती राजवट आल्यावर राज्यपालांनी शस्त्रे परत करण्याचे आवाहन केले, मुदत दिली, ती वाढवली. सुमारे एक हजार शस्त्रे परत आली. बाकीची कोणाच्या जवळ आहेत, हे बहुधा गावाला ठाऊक असते. फक्त ती माग म्हणणारा गावात कोणी उरलेला नसतो.

एक तपशील मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या निर्मनुष्य पट्ट्यातून ये-जा करू शकणाऱ्या थोड्या लोकांत मणिपुरी मुसलमान, म्हणजे पांगल समाजाचे वाहनचालक होते. दोन्ही बाजूंशी वैर नसलेला आणि दोन्हीकडे ओळखला जाणारा माणूस. औषधे, भाजीपाला, क्वचित एखाद्या घराच्या किल्ल्या त्यांच्या हाती सोपवल्या गेल्या. दोन सैन्यांएवढी शस्त्रे जमवूनही व्यवहाराला शेवटी ओळखच लागली.

भिंतीचा अनुभव आयर्लंडच्या उत्तर भागात आहे. बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांमध्ये १९६९ पासून तात्पुरत्या म्हणून भिंती उभ्या राहिल्या. १९९८ मध्ये शांतता करार झाला, तरीही काही भिंती नव्याने वाढल्या. २०२३ पर्यंत त्या सर्व पाडण्याचे उद्दिष्ट तिथल्या सरकारने २०१३ मध्ये जाहीर केले. ती मुदत उलटून गेली आणि भिंती उभ्याच आहेत. तिथल्या रहिवाशांचे म्हणणे साधे आहे: भिंत जावी, पण आज नको. पर्यटक मात्र तिच्यावर सह्या करून जातात.

आता आपल्या जवळच्या भिवंडीकडे येऊ. यंत्रमागांच्या या गावाची ख्याती एके काळी दंगलींसाठीच होती. १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून पेटलेल्या दंगलीची न्या. मादन आयोगाने चौकशी केली. १९८४ मध्ये पुन्हा भडका उडाला, तो ठाणे-मुंबईपर्यंत पसरला आणि अडीचशेहून अधिक बळी गेले. असे असताना डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. या चमत्कारामागे १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांचे काम होते. त्यांनी सुमारे सत्तर मोहल्ला समित्या बांधल्या.

शांतता समिती ही गोष्ट पोलीस खात्याला नवी नव्हती. सणापूर्वी ठाण्यात परीटघडीचे कपडे घातलेले दहा-बारा पुढारी जमत, चहा होई, भाईचाऱ्यावर भाषणे होत आणि मंडळी घरी जात. त्यांतले काही जण दंगलीतही तितक्याच उत्साहाने सामील असत, हे ठाण्याला माहीत असे. खोपडे यांनी पुढाऱ्यांना बाजूला ठेवून गल्लीतल्या सामान्य माणसांना बसवले, दोन्ही समाजांची माणसे सारख्या संख्येने घेतली आणि बैठकीची जबाबदारी साध्या हवालदार-शिपायापर्यंत खाली नेली. बैठकीत धर्मावर चर्चा नसे. गटार तुंबले, नळाला पाणी नाही, मागाच्या मजुरीवरून तंटा झाला, मुलांची मारामारी झाली, असले विषय. असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींसाठी वारंवार भेटलेली माणसे संकटाच्या रात्री एकमेकांच्या दारावर थाप मारू शकत होती. ‘तुमच्याकडे खरेच माणूस मेला का?’ हा प्रश्न विचारायला कोणीतरी होते. उत्तरावर विश्वास ठेवायलाही होते.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेच काहीसे मांडले आहे. शहराशहरांची तुलना करून ते सांगतात की, नुसती रोजची दुआ-सलाम मोठ्या शहरात तग धरत नाही. दोन्ही समाजांच्या संयुक्त संस्था, व्यापारी मंडळे, कामगार संघटना तग धरतात. मुंबईत १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली, तिचा आधार हाच होता.

तरीही भिवंडीचा गोडवा गाऊन थांबता येत नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव चालून आला, गोळीबारात दोघे मेले आणि नंतर दोन पोलीस शिपायांची हत्या झाली. त्या दिवशी वाद हिंदू आणि मुसलमान यांच्यात नव्हता, पोलीस आणि वस्ती यांच्यात होता. समित्यांचा तो तिसरा पायच निखळला होता. आपण ज्या सलोख्याचे श्रेय शेजाऱ्यांना देतो, त्याचा मोठा वाटा दोघांनाही सारखी वागणूक देणाऱ्या हवालदाराचा असतो. तो पक्षपाती झाला, किंवा त्याची दर दोन वर्षांनी बदली होऊन नव्याला गल्लीची ओळखच नसली, की शेजाऱ्याने शेजाऱ्यावर विसंबावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरते. विशेषतः ज्याची बाजू संख्येने लहान आहे, त्याच्याकडून. मुंब्र्याला गेलेल्या माणसाला ‘परत मिश्र वस्तीत ये’ असे सांगण्यापूर्वी, त्याला घर नाकारणाऱ्या सोसायटीला आणि त्या रात्री न आलेल्या पोलिसाला जाब विचारायला हवा होता. श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर सत्तेवर आलेल्या कोणत्याच पक्षाने तो मनापासून अमलात आणला नाही.

इतके होऊनही ओळखीचे धागे पूर्ण तुटलेले नाहीत. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्या. मुंबईत एका बाजूने विसर्जनाच्या मिरवणुका आणि दुसऱ्या बाजूने जुलूस, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पोलिसांना घाम फुटला असेल. मुसलमान संघटनांच्या बैठका झाल्या आणि जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरले. सरकारने सुट्टी बदलली. २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तारखा जवळजवळ आल्या, तेव्हाही जुलूस पुढे ढकलण्यात आला. तिन्ही वर्षी तारीख एकाच बाजूने बदलली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.