पोळ्यानंतर एकही कोरा दाखला चालणार नाही

हेडी, दलाल, पिकअपवाले, आयशरवाले, बाजारातून जनावर नेणारे शेतकरी आणि माझ्याच पेशातले पशुवैद्यक, तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. गेली २२ वर्षं मी जनावरांच्या बाजारात फाटकाशेजारी टेबल मांडून वाहतुकीचे दाखले लिहितो. पोळ्यापर्यंतची मुदत देतोय. त्यानंतर गय नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री घाटाच्या पायथ्याशी पोलिसांनी पिकअप अडवली आणि मला बोलावून घेतलं. ताडपत्री सोडली तर आत अकरा जनावरं. पाय दुमडलेले, माना कासऱ्याने गजाला आवळलेल्या. सगळ्यांच्या खाली एक गाभण म्हैस, सात-आठ महिन्यांची. तिचा मागचा पाय फळीच्या फटीत अडकून सोलला होता, आत हाड दिसत होतं. फळी तोडून तिला उतरवेपर्यंत तिने दोनदा मान उचलली. तिसऱ्यांदा उचलली नाही.

ड्रायव्हरने खिशातून दाखला काढला. शिक्का होता, सहीही होती. जनावरं किती, बिल्ल्यांचे नंबर काय, तारीख कुठली, सगळं कोरं. सही करणाऱ्याने ती म्हैस पाहिलेलीच नव्हती. पाहिली असती तर तिला गाडीत चढू दिलं नसतं.

वाहतुकीचे नियम १९७८ चे आहेत. जनावर प्रवासाला धडधाकट आहे आणि त्याला संसर्गाचा रोग नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला प्रत्येक खेपेबरोबर लागतो. दाखला नसेल तर गाडीवाल्याने जनावरं भरायचीच नाहीत, ही जबाबदारी नियमाने त्याच्यावरच टाकली आहे. ‘मी फक्त भाडं मारतो’ हे कुणी मला ऐकवू नये. मोठी जनावरं एका ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त भरता येत नाहीत. २०१५ साली मोटार वाहन नियमांत भर पडली, त्यानुसार गाय-म्हशीला प्रत्येकी दोन चौरस मीटरचा स्वतंत्र कप्पा हवा, आणि तशा गाडीला आरटीओचा परवाना हवा. पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. म्हणजे साडेचार चौरस मीटरच्या आसपास. दोन जनावरं बसतात. अकरा नाही.

आता रोगाचं. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी सापडला. पुढच्याच महिन्यात राज्यभर जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद करावी लागली. लम्पी पसरतो तो माश्या, डास, गोचिडांमुळे. पण माशी एका रात्रीत जिल्हे ओलांडत नाही, गाडी ओलांडते. अंगावर नुकत्याच गाठी फुटलेलं एक जनावर कोऱ्या दाखल्यावर शंभर कोस गेलं की तिथल्या गोठ्यांत आपण होऊन रोग नेऊन टाकला. दावणीला खिळलेले, डोळ्यांतून पाणी गळणारे, पायांना सूज आलेले बैल मी त्या वर्षी गावोगाव पाहिले. ज्यांचे बैल गेले त्यांना विचारा, दाखला म्हणजे नुसता कागद आहे का.

१ जून २०२४ पासून आपल्या राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे. त्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी नंबर असतो, जनावराची नोंद आणि लसीकरण त्यावरूनच कळतं. त्या रात्री अकरापैकी चार जनावरांचे कान फाटलेले होते. बिल्ले ओढून काढले होते.

काही जण म्हणतात, दंड किती, तर पन्नास रुपये. खरं आहे, १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपयेच आहे, आणि तो इतका कमी असणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. जप्त जनावरांच्या २०१७ च्या नियमांनुसार खटला चालेपर्यंत त्यांच्या चारापाण्याचा आणि औषधाचा खर्च मालक आणि वाहतूकदार दोघांवर येतो, आणि त्यापोटी गाडी अडकून राहते. जनावर मारलं किंवा लंगडं-लुळं केलं तर न्याय संहितेच्या ३२५ कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

आणखी एक, आणि हे तितकंच गंभीर आहे. रस्त्यात गाडी अडवून माणसांना मारणाऱ्या टोळक्यांसाठी मी हे लिहीत नाही. तपासणी पोलिसांची, आरटीओची आणि पशुसंवर्धन खात्याची आहे. दोन बैल विकत घेऊन पेरणीला घरी निघालेल्या शेतकऱ्याच्या अंगावर कुणी हात टाकला तर त्याच्या बाजूने साक्षीला मी उभा राहीन. पण शेतकरी दादा, तुमच्या हातात खरा दाखला आणि सौदा पावती असू द्या. रात्री दोन वाजता नाक्यावर तुमची बाजू मांडायला दुसरं काही नसतं.

आता स्पष्ट सांगतो. पोळ्यानंतरच्या पहिल्या बाजारापासून जनावर टेबलासमोर उभं करून, ताप बघून, अंगावरून हात फिरवून, बिल्ल्याचा नंबर स्वतः वाचल्याशिवाय माझी सही होणार नाही. शेवटच्या महिन्यांतली गाभण, लंगडी, आजारी जनावरं परत पाठवली जातील. दाखल्यावरच्या आकड्यापेक्षा एक जनावर जरी जास्त भरलेलं दिसलं, तर गाडीचा नंबर त्याच दिवशी लेखी पोलीस ठाण्यात आणि आरटीओकडे जाईल. आणि सहकाऱ्यांनो, तुमच्या सहीचा कोरा दाखला यापुढे माझ्या हाती लागला, तर तो राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तक्रारीसोबत पाठवीन. तुमची माझी ओळख किती जुनी आहे ते बघणार नाही.

फाटकावर मी पहाटे पाचला असेन. बिल्ल्याचा नंबर, सौदा पावती आणि जनावर, तिन्ही घेऊन या.