शेंडा खुडणारा हात आणि मुळीचं दार

निपाणीच्या रानात तंबाखूला कळी दिसू लागली की माणसं ओळीत शिरतात आणि अंगठ्याच्या नखाने एकेक शेंडा खुडत पुढे सरकतात. दुपारपर्यंत बोटांवर काळा चिकट राप चढतो. साबणाने तो सहज जात नाही, आणि तशाच हाताने भाकरी मोडली तर घास कडू लागतो. मग काही दिवसांनी बगलफुटी काढायची फेरी. हे सगळं कशासाठी, ते इथलं शाळकरी पोरही सांगेल: शेंडा ठेवला तर ताकद फुलात जाते, खुडला तर पान जाड होतं, कडक होतं.

त्या कडकपणाचा उगम पानात नाही, मुळात आहे. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खाली उतरत बगलेतल्या कोंबांना दाबून ठेवतं. शेंडा तुटला की हा दाब उठतो. त्याच वेळी जखमेमुळे जास्मोनेट हे दुसरं संप्रेरक कामाला लागतं, आणि मुळं निकोटिन जास्त बनवू लागतात. निकोटिन तयार होतं ते मुख्यतः मुळात. पाण्याच्या प्रवाहाबरोबर ते पानात चढतं. वर नख लागलं की खाली मुळातला हिशेब बदलतो, हे निपाणीचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. म्हणूनच याच भागात जेव्हा ठामपणे सांगितलं जातं की ‘पाण्यात काही का असेना, मुळी ते गाळून घेते’, तेव्हा मला ते पटत नाही आणि गप्पही बसवत नाही.

बेळगावात हे वाक्य बळ्ळारी नाल्याच्या संदर्भात हमखास निघतं. शहराचं सांडपाणी वाहणारा हा नाला पावसाळ्यात फुगतो आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भातावर पसरतो. शहराच्या सांडपाण्यात साबण असतो, रंग असतात, घराघरांतून लघवीवाटे आलेली औषधं असतात. ‘पण भात तर हिरवागार येतो,’ असा प्रतिवाद होतो. येणारच, सांडपाण्यात नत्र भरपूर असतं. पिकाचा हिरवेपणा हा पिकाच्या शुद्धतेचा दाखला मानायचं काहीही कारण नाही.

मुळीला चाळणी आहे, हे खरं. तिच्या आतल्या थरात पेशींभोवती मेणचट पट्टा असतो आणि पाण्याबरोबर पेशींच्या फटींतून आत येणाऱ्या क्षारांना तो अडवतो. पण सेंद्रिय रेणूंना फटीची गरज नसते. जे रेणू थोडे पाण्याचे आणि थोडे तेलाचे असतात, ते पेशीच्या आवरणातूनच आरपार जातात. 1982 साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात ब्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्लीच्या मुळांवर हे मोजून दाखवलं. फार तेलकट पदार्थ मुळीलाच चिकटून राहतात, फार पाणचट पदार्थांना आवरण ओलांडणं जड जातं, आणि मधले पदार्थ सर्वांत सहज वर चढतात. गाजर-मुळ्यासारख्या कंदभाज्यांची साल जपून काढायची ती यासाठीच. अपवादही आहेत. भोपळ्याच्या कुळातली झुकिनी ही मातीतले डीडीटीचे तेलकट अवशेषही वर ओढते, आणि तिथे हा नियम तोकडा पडतो.

हा प्रयोगशाळेतला खेळ आहे, असं कोणी म्हणेल. इस्रायलमध्ये 2016 साली 34 निरोगी माणसांवर प्रयोग झाला. काहींना शुद्ध केलेल्या सांडपाण्यावरची भाजी दिली, काहींना गोड्या पाण्यावरची, आणि नंतर अदलाबदल केली. फेफऱ्यावर दिलं जाणारं कार्बामाझेपिन हे औषध सांडपाण्याची भाजी खाणाऱ्यांच्या लघवीत वाढलेलं सापडलं. ते पाणी शुद्धीकरण केंद्रातून आलेलं होतं. नाल्यातून थेट शेतात शिरणाऱ्या पाण्याबद्दल मग काय म्हणायचं?

आणि निपाणीकरांनी तर परक्या औषधाचं उदाहरण शोधायचीही गरज नाही. पाणी आणि तेल यांच्यामधल्या त्या सोयीच्या पट्ट्यातच निकोटिनही बसतं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग विद्यापीठात पेपरमिंटच्या रोपांभोवती मातीत तंबाखू पसरून पाहिली, तर स्वतः निकोटिन न बनवणाऱ्या पुदिन्याच्या पानांत निकोटिन सापडलं. आपल्याकडे वखारीतली भुकटी आणि काड्या खत म्हणून रानात जातात. ती चांगलं खत आहे, किडीलाही आवरते. पण त्याच वाफ्यात मेथी-कोथिंबीर घेणाऱ्याला हा पुदिन्याचा प्रयोग कुणी सांगितला आहे का? 1981 च्या आंदोलनात याच तंबाखूच्या भावासाठी इथल्या शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला आणि गोळ्या झेलल्या. इतकी किंमत मोजलेल्या पिकाबद्दलचं पूर्ण ज्ञान त्यांना मिळायलाच हवं.

दुसरं म्हणणं जास्त हुशारीचं आहे, म्हणून त्याला वेळ दिला पाहिजे. ‘टॉनिक मारा, पीक विष पचवून टाकेल.’ याला आधार आहे, आणि तो मी लपवणार नाही. चीनमधल्या हांगचौच्या संशोधकांनी 2009 साली काकडीवर ब्रासिनोस्टेरॉइड या संप्रेरकाचा फवारा दिला. क्लोरपायरिफॉससकट काही कीडनाशकांचे पानांतले अवशेष त्याने घटले, कारण पेशींतली विष फोडणारी विकरं जोमाने काम करू लागली. काम चोख आहे आणि मला ते आशेचं वाटतं.

पण त्यावरून ‘टॉनिक’ नावाच्या कुठल्याही बाटलीला विष साफ करणारी ठरवणं हा शुद्ध गैरसमज आहे. तो प्रयोग एका संप्रेरकाचा, एका पिकाचा, मोजक्या कीडनाशकांचा होता. झाडाला यकृतासारखी यंत्रणा आहे, मूत्रपिंड नाही. विषाचा तुकडा साखरेशी किंवा ग्लुटाथायोनशी जोडला की तो बाहेर पडत नाही. पेशीतल्या पोकळीत किंवा भिंतीत साठतो, आणि साखरेची ती गाठ आपल्या पोटात सुटूही शकते. त्यातही सगळी संप्रेरकं एका दिशेने ओढत नाहीत. ॲब्सिसिक आम्ल पानांची रंध्रं मिटवतं. पाण्याचा ओढा मंदावतो, आणि त्याबरोबर चढणारं रसायनही. ऑक्सिन नेमकं उलट करू शकतं. बाजूच्या मुळ्या वाढवतं, म्हणजे मातीशी स्पर्श वाढतो. पेशीच्या आवरणावरचे प्रोटॉन बाहेर टाकणारे पंप चालू करतं, म्हणजे मुळीभोवतीचा ओलावा आंबट होतो, आणि आम्लधर्मी रेणू अशा ओलाव्यात आत शिरायला मोकळे होतात. चिकोडी-अथणीकडच्या उसाला ओळखीचं टू-फोर-डी हे तणनाशक तर ऑक्सिनचंच नकली रूप आहे. ऑक्सिन आत घेणारं वाहक प्रथिन त्यालाही आत घेतं. ज्या दाराने घरचा माणूस येतो, त्याच दाराने हे येतं.

आता दुकानातली बाटली घ्या. ‘पांढरी मुळी जोरात फुटते’ हे तिचं मुख्य आश्वासन. स्वच्छ विहिरीच्या पाण्यावर ते आश्वासन फायद्याचं आहे. नाल्याच्या पाण्यावर वाढणाऱ्या पालकाला तीच बाटली दिली, तर जास्त मुळी म्हणजे जास्त तोंडं. 2021 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने जैवउत्तेजकांना, म्हणजे अशा टॉनिकांना, खत नियंत्रण आदेशाखाली आणलं, हे बरं झालं. पण त्यात तपासणी होते ती बाटलीतल्या मालाची. तो माल दिलेलं पीक घाणेरड्या पाण्यातून काय ओढेल, हा प्रश्न विचारायची जागा त्यात नाही.

संप्रेरकांवर सरसकट बंदी मागणाऱ्यांशीही माझं जमत नाही. अथणीच्या द्राक्षबागेत जिबरेलिक आम्लात घड बुडवणारा शेतकरी काही पाप करत नाही. ही द्रव्यं झाडाची स्वतःची भाषा आहे. कोणत्या रानात, कोणत्या पाण्यावर, काय बोलायचं एवढंच ठरवायचं आहे.

माझ्या मते ते असं ठरावं. नाल्याच्या काठाला खायचं पीक नकोच. तिथे वाळा लावावा, वाळुंज लावावी, आणि तिथे मात्र मुळी वाढवणारं संप्रेरक खुशाल द्यावं. मुळांभोवती ऑक्सिन बनवणारे जिवाणूही द्यावेत, कारण दाट मुळीच्या आसऱ्याला राहणारे जिवाणूच बरंचसं विष फोडतात. तो पाला जनावरांपुढे टाकायचा नाही, ही अट सोडू नये. पुराचं पाणी शिरलेल्या शिवारात पालेभाजी टाळावी, कारण पाणी सर्वांत जास्त उडतं ते पानातून आणि पाण्याबरोबर आलेलं मागे राहतं तेही पानातच. आणि तंबाखूची भुकटी मेथीच्या वाफ्यापासून दूर ठेवावी.

हे शेवटचं तपासायला मोठा प्रकल्प लागत नाही. निपाणीला धारवाड कृषी विद्यापीठाचं तंबाखूवर काम करणारं संशोधन केंद्र आहे. तीन वाफे पुरतील: एक साधा, एक भुकटी घातलेला, एक भुकटी घालून वर मुळी फोडणारं टॉनिक मारलेला. तिन्हीत एकाच दिवशी एकाच पिशवीतली मेथी पेरायची. पानातलं निकोटिन फार बारीक प्रमाणात मोजावं लागेल, त्यासाठी नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतील. तेवढा खर्च सरकारने करावा. मेथी महिन्याभरात काढणीला येते.