मुलीचा पगार कमी का?



गेल्या वर्षी एक मुलगी व एक मुलगा आपापली नेमणूकपत्रे घेऊन माझ्याकडे आले. दोघेही एकाच महाविद्यालयाचे, एकाच वर्षी पदवीधर झालेले. कचेरी एक, काम एक, रुजू होण्याचा दिवसही एकच. मुलाचा पगार 22,000 आणि मुलीचा 18,000! अर्जात ‘अपेक्षित वेतन’ असा रकाना होता. मुलीने वडिलांना विचारले. ते म्हणाले, “पोरी, कमीच लिही, आधी नोकरी तर लागू दे.” मालकाने तोच आकडा उचलला आणि वर ऐकवले की, तुम्ही मागितले तेवढे दिले.

हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकणारा नाही. समान कामास स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचे बंधन 1976 च्या कायद्याने मालकावर घातले. त्याची जागा घेणारी 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून तिच्या तिसऱ्या कलमात तोच दंडक आहे. काम समान आहे की नाही, हे कौशल्य, श्रम, अनुभव व जबाबदारी यांवरून ठरते. प्रौढ स्त्रीपुढे मालक अनुभवाची ढाल धरतो, बाळंतपणात खंड पडला म्हणतो. परंतु काल पदवी घेतलेल्या या दोघांचा अनुभव किती? दोघांचाही शून्य! मग हे 4,000 रुपये कशाचे? केवळ मुलगा असण्याचे?

मॅकिनन मॅकेन्झी कंपनी स्त्री लघुलेखिकांना पुरुषांहून कमी वेतन देत असे. तिने कामगार संघटनेशी झालेला करार पुढे केला, ऐपत नसल्याचीही सबब सांगितली. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही फेटाळून ऑड्री डिकोस्टा यांच्या बाजूने निकाल दिला. जेथे संघटनेचा करार टिकला नाही, तेथे एका भेदरलेल्या मुलीने रकान्यात लिहिलेला आकडा काय टिकणार?

पण दोष एकट्या मालकाचा नाही. 1944 साली मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी कोळसा खाणींतील स्त्रियांच्या बाबतीत मध्यवर्ती विधिमंडळात हेच तत्त्व मांडले होते. आपण त्यांची तसबीर भिंतीवर लावतो आणि तिच्याखाली बसून मुलीला ‘कमी लिही’ म्हणून सांगतो!

पगार गुप्त ठेवण्याची अट मालक उगाच घालीत नाहीत. तुलनेस दुसरा आकडाच नसेल, तर वकील तरी काय सिद्ध करणार? त्या मुलाने आपले नेमणूकपत्र दाखविले, म्हणून माझे काम सोपे झाले. आपला मुलगा नुकताच नोकरीस लागला असेल, तर त्याच कामावर असलेल्या मुलीला त्याने आपला आकडा सांगितला काय, हे त्याला आज जेवताना विचारा.