हंड्यातली नदी

एक बाई पाणी घेऊन डोंगराची चढण चढत आहे. तिच्या डोक्यावरील हंड्यात नुसते पाणी नाही. सबंध नदी आहे. काठची झाडे, खडक, डुंबणाऱ्या म्हशी, सारे काही त्या हंड्यात मावले आहे. वावरच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला एखाद्या मुलीने दोन छायाचित्रे जोडून असे चित्र तयार केले, तर पाहणारा प्रथम हसेल आणि मग गप्प होईल. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात एका हंड्यासाठी किती पायपीट करावी लागते, हे त्याला ठाऊक असते. जे कधी घडणार नाही ते दाखवून ही मुलगी जे रोज घडते तेच सांगत असते.

असे काम म्हणजे चित्रकला नव्हे, तो यंत्राचा खेळ होय, असे काही वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. आजचा मोबाइल दोन छायाचित्रे क्षणात एकत्र करतो. पण हंड्यात नदी ठेवावी, हे मोबाइलला कोण सांगणार? शिवाय बाईची सावली डावीकडे पडली आणि नदीवरचे ऊनही डावीकडूनच आले, तर चित्र फसलेच. ऊन कोठून येते, दूरची वस्तू किती लहान दिसते, हे डोळ्यांनी आधी शिकावे लागते. पूर्वीचे छायाचित्रकार भिंगाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून एकदा चित्र घेत. मग दुसरा अर्धा झाकून त्याच काचेवर पुन्हा घेत. एकच मनुष्य स्वतःशीच बुद्धिबळ खेळताना दिसे! त्या गमतीमागेही पुष्कळ अभ्यास असे.

आणि या मुलखाला असली कल्पना परकी थोडीच आहे? बोहाड्याच्या रात्री संबळ वाजू लागला, की ओळखीचाच शेतकरी मुखवटा चढवून नरसिंह किंवा रावण होतो. आत कोण आहे हे पोरासोरांनाही माहीत असते. तरीही अंगावर काटा येतो. सोंग हे सोंग म्हणूनच समोर येते, त्यामुळे कोणी फसत नाही.

जव्हारहून मोखाड्यामार्गे पुढे जाणारा रस्ता त्र्यंबकेश्वरला पोचतो. तेथे १८७० साली धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. छायाचित्रण त्यांनी केले, जादूचे प्रयोगही आत्मसात केले. त्यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटात त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. परंतु कथा सुरू होण्यापूर्वी फाळक्यांनी पडद्यावर त्या मुलीचा चेहरा आणि तिचे निरनिराळे हावभाव दाखवले. कृष्ण त्यानंतर आला. जादूगाराने आपली झोळी आधीच उघडून दाखवावी, तसे हे झाले. जादू मात्र तिळभरही उणावली नाही.

हा प्रामाणिकपणा वावरच्या मुलांनी तर विशेष जपावा. १९९२ साली वावर-वांगणी परिसरात कुपोषणामुळे बालके दगावली. त्या वार्ता वृत्तपत्रांतून बाहेर आल्या, तेव्हा सबंध महाराष्ट्राचे लक्ष या डोंगराळ भागाकडे वळले. ऐकणाऱ्यांनी त्या वार्ता खऱ्या मानल्या, म्हणूनच हे घडले. उद्या एखाद्या पाड्यावरची विहीर खरोखरच आटली आणि तिचे छायाचित्र तालुक्याला पाठवले, तर ‘हेही जोडकामच असेल’ असे कोणी म्हणता कामा नये.

तेव्हा हंड्यातली नदी शाळेच्या भिंतीवर अवश्य लावावी. खाली ‘कल्पनाचित्र’ असे ठळक अक्षरांत लिहावे आणि शेजारी ती दोन मूळ छायाचित्रेही टाचून ठेवावीत: एकात चढणीवरची बाई, दुसऱ्यात पावसाळ्यातली भरलेली नदी.